चोवीस तासांची ओळख

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर पुन्हा तसाच गुन्हा करील का, याचा अंदाज बांधताना कैद्याच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा त्याच्या फायलीवर जास्त भरवसा ठेवावा लागतो. हे पचनी पडायला जड आहे. कॅनडात आर. कार्ल हॅन्सन आणि मोनिक बुसिएर यांनी ६१ अभ्यास एकत्र तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. गुन्हा नाकारणे किंवा पीडिताविषयी कणव वाटणे, यांचा पुढच्या लैंगिक गुन्ह्याशी फारसा संबंध त्यात आढळला नाही. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळलेले १३.४ टक्के होते. कित्येक पीडित पोलिसांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार.

पुढच्याच वर्षी हॅन्सन आणि ब्रिटनचे डेव्हिड थॉर्नटन यांचे ‘स्टॅटिक-९९’ हे धोका मोजण्याचे साधन आले. त्यात दहा बाबींना गुण द्यायचे असतात: सुटकेच्या वेळचे वय, आधीचे लैंगिक गुन्हे, जोडीदारासोबत निदान दोन वर्षे एकत्र राहणे, पीडित नात्यातला की बाहेरचा, पुरुष की स्त्री, वगैरे. ‘अनोळखी’ कोणाला म्हणायचे हेही ठरलेले आहे. गुन्ह्याच्या चोवीस तास आधी ओळख नसेल तर अनोळखी. आदल्या दुपारी बसथांब्यावर दोघांचे बोलणे झाले होते का, एवढ्यासाठी जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. प्रश्न एका गुणाचा असतो, पण मूल्यमापनातले खरे कसब इथेच लागते. सुधारित आवृत्तीत साठी गाठलेल्याचे तीन गुण वजा होतात, म्हणून जन्मतारीखही डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते.

आलेली बेरीज एका माणसाचे भाकीत नसते. तेवढेच गुण मिळालेल्या शंभरांतले साधारण किती पुन्हा गुन्हा करतात, एवढेच ती सांगते. ते कोण, हे सांगत नाही. न्यायालयासाठीच्या अहवालात हे ठळकपणे लिहिलेच पाहिजे, कारण ऐकणारा तो आकडा समोरच्या माणसालाच चिकटवतो.

भूतकाळ बदलत नाही, माणूस बदलू शकतो. तो बदल टिपण्यासाठी ‘स्टेबल-२००७’ हे जोडसाधन आहे. सोबत कोणाची आहे, मनात लैंगिक विचारच घोळत राहतात का, देखरेख अधिकाऱ्याला तो सहकार्य करतो का, हे त्यात पाहतात. यासाठी मात्र समोरासमोर बसून बोलावेच लागते. शिवाय, समाजात राहून पुन्हा गुन्हा न करता वर्षे गेली की धोका ओसरतो. हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवल्याप्रमाणे दर पाच वर्षांनी तो जवळजवळ निम्मा होतो. सुटकेच्या दिवशीचा आकडा दहा वर्षांनंतर तसाच पुढे करणे चुकीचे आहे.