होडींतील राहुटी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, नॉरविच शहर आणि समुद्र यांच्या दरम्यान, नद्या व उथळ तळीं यांचें एक विस्तीर्ण जाळें पसरलेलें आहे. या तळ्यांना तेथील लोक ‘ब्रॉड’ म्हणतात. बूर, अँट, थर्न, येअर आणि वेव्हनी या नद्यांच्या आधारानें सुमारें २०० किलोमीटर पाण्यांतून, मध्यें कोठेंही बांधाचा दरवाजा न लागतां, होडी फिरवितां येते. हीं तळीं निसर्गानेंच निर्माण केलीं अशी समजूत पुष्कळ दिवस होती. परंतु १९५० नंतरच्या दशकांत जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीनें तळाच्या मातीचे थर तपासले, तेव्हां निराळेंच सत्य पुढें आलें. मध्ययुगांत लोकांनीं सरपणासाठीं पीट नांवाची जळाऊ माती खणून नेली. पुढें पाण्याची पातळी चढली आणि त्या खड्ड्यांचीं तळीं झालीं. मनुष्याच्या चुलीनें निर्माण केलेला हा जलाशय आज पक्ष्यांचें माहेरघर आहे.

अशा प्रदेशांत संध्याकाळीं होडी वळवून घरीं परतावें लागणें म्हणजे कीर्तन रंगांत येतांच उठून जाण्यासारखें होय. ज्यांची ऐपत मोठी, ते आंत बिछाने व स्वयंपाकघर असलेल्या नौका भाड्यानें घेतात. आमच्याजवळ होती ती हातीं-फिरती घेतलेली ‘वेफेअरर’ जातीची उघडी शिडाची होडी. इयन प्रॉक्टर यांनीं १९५७ सालीं हिची आखणी केली. लांबी ४.८२ मीटर व रुंदी १.८५ मीटर. मध्यभागीं पाण्यांत सोडावयाच्या फळीची उभी पेटी असते. तिच्या दोहों अंगांस दोन माणसें सुखानें आडवीं होऊं शकतात. उणें असतें तें केवळ छप्पर.

हें छप्पर पैदा करण्यास या खेपेस विशेष निमित्त घडलें. आमचे तीर्थरूप नाना तीन महिन्यांकरितां आमच्याकडे आले होते. त्यांचें बालपण दाभोळच्या खाडीकांठीं मचव्यांच्या संगतींत गेलें. वय शहात्तर, दृष्टि तीक्ष्ण, पण गुडघे संधिवातानें धरलेले. ब्रॉड पाहतांच ते म्हणाले, “अरे, एक रात्र पाण्यावर निजायला मिळालें, तर इतक्या दूर आल्याचें सार्थक होईल.” आईनें तात्काळ विरोध केला. दमट हवेंत एक रात्र काढली कीं नानांना आठ दिवस अंथरुणांतून उठवत नाहीं, हा तिचा नेहमींचा अनुभव. डॉक्टरांनींही ओल व गारठा टाळण्यास बजावलें होतें. तेव्हां राहुटी करावयाची ती केवळ पाऊस अडविणारी नव्हे, तर आंतली हवा कोरडी ठेवणारी, हें आरंभींच ठरलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. निजलेला मनुष्य रात्रभरांत श्वासावाटे व त्वचेवाटे सुमारें पाव लिटर पाणी हवेंत सोडतो. वर मेणकापडासारखें किंवा लेप दिलेलें नायलॉनचें छत असेल, तर पाऊस बाहेर राहतो हें खरें. पण आंतलें बाष्प थंड कापडावर जमून पहांटे ठिबकूं लागतें. सुती किंतानाचा गुण निराळा. भिजलें म्हणजे त्याचे तंतु फुगतात, वीण घट्ट होते आणि पाणी सहसा आंत झिरपत नाहीं. शिवाय कापडांतून थोडी हवा खेळती राहते. तें नायलॉनपेक्षां जड, आणि ओलें घडी करून ठेवल्यास त्याला बुरशी धरते. तरीही आम्हीं किंतानच पसंत केलें. मागल्या टोकाला पडदा ठेवून वर वीतभर झरोका, आणि पुढल्या टोकाला डोलकाठीपाशीं दुसरा लहान झरोका, अशी योजना केली. एकच झरोका ठेवून हवा खेळत नाहीं. तिला येण्यास व जाण्यास दोन वाटा लागतात.

आतां मापाचा प्रश्न. शिडाचा खालचा आडवा वासा हाच राहुटीचा आढा. तो होडीच्या कांठापासून पाऊण मीटर उंच, आडवा बांधून घेतला. म्हणजे खालीं बसलेल्या माणसाच्या डोक्यास तो लागत नाहीं. डोलकाठीपासून मागल्या फळीपर्यंतचें अंतर तीन मीटर भरलें. होडीचा आकार सर्वत्र सारखा नसल्यामुळें कागदावरचा हिशेब फसण्याचा संभव होता. आईनें गोधडीसाठीं जपून ठेवलेलें आजीचें जुनें नऊवारी लुगडें बाहेर काढलें. “नमुना या कापडाचा घ्या, कातर मात्र लावूं नका,” एवढीच तिची अट. नऊ वार म्हणजे सुमारें ८.२ मीटर. तीन पाट वाशावरून आडवे टाकतांच दोन्ही कांठांच्या बाहेर वीतभर लोंबले, आणि तिन्ही पाटांच्या रुंदींत होडीची लांबी बसून शिवणीपुरतें कापडही उरलें! टांचण्या लावून, खडूनें खुणा करून तो आकार किंतानावर उतरविला.

पाटांचे कांठ एकमेकांत अडकवून दुहेरी शिवण घातली. जेथें ताण अधिक, तेथें कापडाची दुसरी पट्टी देऊन मेण लावलेल्या दोऱ्यानें दाभणानें टांके भरले. कडेस पितळी कड्या बसविल्या. राहुटीची कड होडीच्या कांठाच्या आंत सोडणें सर्वथा वर्ज्य. तसें केल्यास छपराचें सर्व पाणी बिछान्यांत उतरतें. ती बाहेरून लोंबवून तणावे होडीच्या पोटाखालून पलीकडे नेऊन बांधावयाचे. नानांनीं एकच सुधारणा सुचविली: “गांठी सगळ्या सुरगांठी ठेव. घराला दार उशिरां सांपडलें तरी चालतें. नावेला चालत नाहीं.”

जूनच्या एका शनिवारीं आम्ही दोघे हिकलिंग ब्रॉडवरून निघालों. तळें विशाल, पण पाणी बहुतेक ठिकाणीं दीड मीटरांहून कमी. हेयम साउंड व मेडो डाइक या अरुंद वाटेनें दोहों बाजूंच्या बोरूंतून सरकत हॉर्सी मिअर गांठलें. तेथें १९१२ सालीं नव्यानें बांधलेली पाणी उपसण्याची पवनचक्की उभी आहे. समुद्र तेथून दोन-अडीच किलोमीटरांवर. १९३८ च्या फेब्रुवारींत तो वाळूचे बांध फोडून या सर्व शेतांत शिरला होता. आईनें दिलेलीं थालिपिठें व लोणचें कांठावर बसून खाल्लें. चहाही तेथेंच केला. कारण राहुटींत शेगडी पेटविल्यास आगीचें भय असतेंच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा विषारी वायु निजलेल्या माणसाला कळूंही न देतां मारतो. नंतर बोरूच्या आडोशास, नांगराऐवजीं तिकडे वापरतात तें जड लोखंडी वजन नाळेवरून चिखलांत सोडून राहुटी उभारली. साडेनऊ वाजतां सूर्य मावळला.

मध्यरात्रीनंतर वारा फिरला. आडोसा नाहींसा झाला. होडी एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे झोले खाऊं लागली. राहुटी म्हणजे न उतरवितां येणारें शीडच. वारा तिला ढकलणारच. आम्ही जागे होऊन पाहतों तों नाना नाळेकडे हात लांबवून दोर चांचपीत होते. “थरथरतो आहे. वजन घसरतें आहे,” ते म्हणाले. धरून बसलेल्या नांगराचा दोर ताठ पण शांत असतो. घसरणाऱ्याचा थरथरतो, ही विद्या त्यांना दाभोळच्या एका तांडेलानें दिलेली. प्रश्न बिकट होता. राहुटी ठेवावी तर वारा होडीला उघड्या पाण्यावर नेणार. काढावी तर पावसाचे थेंब सुरू झालेले, आणि नाना भिजणार. “नाना, तुम्हांला बाधेल,” आम्ही म्हणालों. “गुडघे घरीं जाऊन दुखतील. आधीं गांठी सोड,” हें उत्तर आलें.

सुरगांठी एकेका ओढीसरशीं सुटल्या. बिछाने मेणकापडाच्या पिशवींत कोंबले, नानांना बरसाती गुंडाळली, वजन वर घेतलें आणि वल्हीं मारीत पलीकडच्या बोरूच्या कुशींत शिरलों. पुन्हां वजन टाकलें. दोरावर नानांनीं हात ठेवला आणि मान डोलविली. पंचवीस मिनिटांत राहुटी पुनरपि उभी राहिली, आणि कोरडे बिछाने अंथरले गेले. त्यानंतरचा पाऊस आम्हीं केवळ ऐकला.

पहांटे बोरूंतून बिटर्न पक्ष्याचा, रिकाम्या घागरींत फुंकर घालावी तसा, घुमारा आला. किंतानाला आंतून हात लावला. तें गार होतें, पण ठिबकत नव्हतें. नानांचे गुडघे दोन दिवस कुरकुरले, आठ दिवस नव्हे. आणि आईनें हा हिशेब मान्य केला.

जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकांतील तिघां मित्रांची कमानींवर किंतान ताणतांना झालेली तारांबळ वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. आर्थर रॅन्सम यांच्या १९३४ सालच्या ‘कूट क्लब’ या कादंबरींतील मुलगा तर याच ब्रॉडवर आपल्या चिमुकल्या होडींत असें छत करून निजतो. आणि १९६३ सालीं फ्रँक डाय हे अशाच वेफेअरर होडींतून एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलंडपर्यंत गेले. तेव्हां ही विद्या श्रीमंतांची नव्हे. तीन-चार किलो कापड, एक दाभण, थोडी दोरी, आणि घरांतील वडील माणसांच्या अनुभवाचे दोन शब्द एवढें भांडवल तिला पुरतें. मात्र जो कोणी हा उद्योग करील, त्यानें घरीं येतांच राहुटी दोरीवर पसरून पुरती वाळवावी, आणि गांठी नेहमीं अशा बांधाव्या कीं अंधारांतही त्या एका हातानें सुटतील.