घडीची पायरी

माझ्या चाचांचा एक टेंपो आहे. भांडी, चादरी आणि सतरंज्या घेऊन ते आठवडे बाजारांना जातात. पोलादपूर तालुक्यातील वाड्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत. तेथून रात्री महाडला परतणे प्रत्येक वेळी जमत नाही. म्हणून त्यांनी टेंपोच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक छोटी खोली बांधून घेतली. आत झोपायला रुंद फळी, एक स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि एक खिडकी. घरातली मुले त्या टेंपोला 'चाकांवरचे घर' म्हणतात. हे घर कधी आमचे खरेच घर होईल, असे कोणाला वाटले नव्हते.

२२ जुलै २०२१ चा दिवस महाडचा माणूस विसरणार नाही. महाबळेश्वरच्या डोंगरांत प्रचंड पाऊस कोसळत होता. सावित्री नदी तेथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडकडे येते. पुढे काळ आणि गांधारी या नद्याही तिला मिळतात. पाहता पाहता महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. कितीतरी माणसे गेली. त्या दुःखापुढे आमचे नुकसान काहीच नव्हते. आमचे फक्त घर चिखलाने भरले होते.

पाणी चढू लागताच चाचांनी टेंपो उंच जागी नेऊन उभा केला होता. पाणी ओसरल्यावरही घरात राहणे शक्य नव्हते. जमिनीवर गुडघाभर चिखल आणि भिंती ओल्या. मग दादी, अम्मी आणि लहान मुले टेंपोत झोपू लागली. आम्ही पुरुष बाहेर ताडपत्रीखाली पडत असू.

दादीचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते. तिचे गुडघे दुखत. टेंपोचा तळ जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच होता. तिला चढता-उतरता येईना. चाचा आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून उचलत होतो. वुजूसाठी उतरवायचे, पुन्हा चढवायचे. शौचाला जायचे, पुन्हा चढवायचे. आम्हांला त्याचा कंटाळा नव्हता. उलट, आपण दादीची सेवा करत आहोत, या विचाराने मी मनातून खूश होतो.

चौथ्या दिवशी दादीला चक्कर आली. मदतीसाठी आलेल्या वैद्यकीय पथकातील डॉक्टरांनी तिला तपासले. त्यांनी विचारले, "आजी, पाणी पीत नाही का?"

दादी गप्प राहिली. रात्री तिने अम्मीला हळूच सांगितले, "पाणी प्यायलं की उतरावं लागतं. दोन जवान पोरांनी मला दिवसातून दहा वेळा पोत्यासारखं उचलावं, हे मला बरं वाटत नाही."

ते शब्द मी ताडपत्रीखाली पडल्या पडल्या ऐकले. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी उठून मी कामाला लागलो. चिखलातून एक लोखंडी पायरी मिळाली होती. कोणाच्या तरी दुकानाची असावी. मी ती धुतली आणि चार स्क्रू घालून टेंपोच्या पत्र्यावर बसवली. उंची मोजली नाही. अंदाजाने मध्यावर, म्हणजे ४० सेंटिमीटरवर ठोकली. स्वतः एकदा घाईघाईने चढून पाहिले. मग हाक मारली, "दादी, ये! तुझी पायरी तयार आहे."

दादीने दाराची कडा धरली. कसाबसा पाय उचलून पायरीवर ठेवला. तिने भार टाकताच पत्रा वाकला आणि स्क्रू निघाले. नशिबाने तिने कडा सोडली नव्हती. ती पडली नाही. पण नडगी सोलून निघाली. मी मान खाली घालून जखम पुसत होतो. दादी म्हणाली, "बेटा, एकदा मला विचारायचंस. माझा पाय किती उचलतो, ते मी सांगितलं असतं."

मी शिक्षक आहे. मूल जेथे आहे तेथून त्याला पुढे न्यावे, असे बी.एड.च्या वर्गात आम्हांला शिकवले होते. वर्गात मी ते पाळतो. घरात मात्र विसरलो होतो.

आमच्या ओळखीचे एक वेल्डर मिस्त्री आहेत. त्यांचे वर्कशॉपही पुरात बुडाले होते. यंत्रे पुसून, वाळवून त्यांनी नुकतेच काम सुरू केले होते. मी त्यांना सगळे सांगितले. ते आले, पण टेंपोकडे गेलेच नाहीत. आधी दादीजवळ गेले. तिला भिंतीला धरून उभे केले आणि म्हणाले, "खाला, न दुखता जितका उचलेल तितकाच पाय उचला." पाय जेथे थांबला तेथे त्यांनी भिंतीवर खडूने रेघ ओढली. उंची भरली २० सेंटिमीटर.

आता हिशेब सोपा झाला. ८० ला २० ने भागले, की ४ येतात. म्हणजे चार वेळा पाय उचलायचा. तीन पायऱ्या आणि चौथ्या वेळी टेंपोचा तळ. एवढे साधे गणित मी केले नव्हते. गाडी भरली की स्प्रिंग दबतात आणि तळ थोडा खाली येतो. म्हणून मोजमाप रिकाम्या गाडीचे, सपाट जमिनीवर घेतले. गाडीत बदल करायचा होता, तेव्हा चाचांनी पेणच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून घेतले.

मिस्त्रींनी तीन पायऱ्या तयार केल्या. त्या बाजूच्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना जोडल्या. जोडावर बोल्ट असल्यामुळे पट्ट्या फिरत. ओढले, की जिना होई आणि दुमडले, की पायऱ्या एकीवर एक बसून दाराच्या आत जात. पायऱ्यांना खरबरीत पत्रा लावला, म्हणजे ओला पाय घसरत नाही. पाणी निथळायला त्यात भोके पाडली. सर्वांत खालच्या पायरीला दोन पाय दिले. त्यांची उंची कमी-जास्त करता येई.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा जिना त्यांनी पत्र्यावर बसवला नाही. तळाखालच्या जाड लोखंडी चॅनेलला सहा बोल्टांनी बसवला. ते मला म्हणाले, "मास्तर, पत्रा फक्त झाकतो. भार चॅनेल घेतो." दारात उजव्या हाताला धरण्यासाठी दांडा लावला. कोकणातल्या पावसात लोखंड लवकर गंजते. म्हणून आधी रेड ऑक्साईड आणि वर रंग दिला. संध्याकाळी दिसावे म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला.

या वेळी मी घाई केली नाही. प्रत्येक पायरीवर तांदळाची दोन पोती ठेवून पाहिली. मग आम्ही आळीपाळीने चढलो-उतरलो. शेवटी दादी आली. एक हात दांड्यावर ठेवून ती एकेक पायरी चढली. आम्ही दोन्ही बाजूंना उभे होतो, पण तिला हात लावला नाही. वर पोहोचल्यावर ती वळली आणि म्हणाली, "बाजूला व्हा. आता उतरून पाहते."

पायरी वापरण्याचेही नियम असतात. गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा. जमीन मऊ असेल तर पायांखाली फळी ठेवावी. उतरताना तोंड गाडीकडे ठेवावे. पायरीवरचा चिखल लगेच पुसावा आणि निघण्यापूर्वी पायऱ्या दुमडून कडी लावावी. हा शेवटचा नियम चाचा एकदा विसरले. गाडी हलताच खालची पायरी दगडावर आपटली आणि तिचा एक पाय वाकला. तेव्हापासून त्यांनी युक्ती केली आहे. जिना उघडला, की टेंपोची किल्ली त्याच्या कडीलाच अडकवायची. म्हणजे पायऱ्या दुमडल्याशिवाय किल्ली हाती येत नाही आणि गाडी सुरू होत नाही!

मुलांनो, एसटीत तुम्ही उडी मारून चढता. तुमच्या मागे एखादी आजी दांडा धरून उभी असते. तिच्यासाठी ती पहिली पायरी म्हणजे डोंगर असतो. तिला आधार जरूर द्या. पण हात पुढे करण्याआधी तिला विचारा. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी आपल्या देशात २०१६ साली कायदा झाला. इमारती आणि वाहने सर्वांना वापरता आली पाहिजेत, असे तो सांगतो. कायद्याने पायरी होईल, उतार होईल. पण तो कोणाच्या पायासाठी आहे, हे विचारण्याचे काम आपलेच आहे.

घर पुन्हा उभे राहिल्यावर दादी म्हणाली, "मला पोलादपूरला बहिणीकडे ने." कित्येक वर्षे ती कोठे गेली नव्हती. "आता मला कोठे जावंसं वाटत नाही," असे ती म्हणे आणि आम्ही ते खरे मानत होतो.

पोलादपूरला पोहोचताच मी जिना उघडला. खालचे पाय जमिनीवर नीट टेकवले. दादी आपली आपण उतरली. दारात तिची बहीण उभी होती. दोघी गळ्यात गळा घालून कितीतरी वेळ रडल्या. मग दादी ओट्यावर बसली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला.

दादीने पेला भरून घेतला. तो संपवला आणि पुन्हा पुढे करून म्हणाली, "आणखी दे."