आठ वॅटला साजेसे स्पीकर

पुणे

ती. दादास,


नव्या अँप्लिफायरचा फोटो पाहिला. ३००बी व्हॉल्व्हची जोडी देखणी आहे. टॉवर स्पीकर कोणते घेऊ, असं विचारलंस, तर माझं मत आधीच सांगते: अँप्लिफायरवर घातलेस त्याच्या निम्म्या पैशांत काम होईल, पण जुनी, रुंद, मोठी खोकी हॉलमध्ये ठेवायची वहिनींची तयारी हवी.

हिशेब सरळ आहे. एका बाजूला एकच ३००बी असली की साधारण ८ वॅट मिळतात. हल्लीचे सडपातळ टॉवर एका वॅटला, एक मीटरवर, ८६-८७ डेसिबल देतात. वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे ८ वॅटला ९५-९६, आणि तिथे अँप्लिफायरचा दम संपला. तू बसणार तीन मीटरवर, तिथे पोचेपर्यंत त्यातलेही बरेच गळतात. आलापीला एवढं पुरेल. पण तबला खुलला की एकेक थाप सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जाते. तिथे डग्ग्याची घुमक चपटी होते आणि वसंतराव देशपांड्यांची तान दाटीत अडकल्यासारखी वाटते. ९६ डेसिबलचा स्पीकर त्याच ८ वॅटवर १०५ पर्यंत जातो. ८७ वाल्याला तेवढ्यासाठी ६४ वॅट लागतील.

पूर्वी असं नव्हतं. १९३०च्या दशकात मोजक्या वॅटवर अख्खी थिएटरं भरत, ती मोठ्या हॉर्न स्पीकरांमुळे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद, लहान खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. काम मोठं होतं, पण त्याची किंमत आवाजाच्या जोरात मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि ती कुणाला जाणवेनाशी झाली. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. व्हॉल्व्हवाल्याने खोक्याचा आकार सोडून द्यावा.

माहितीपत्रकातल्या आकड्यावर मात्र विसंबू नकोस. बहुतेक ठिकाणी मोजणी २.८३ व्होल्टला असते. ८ ओहमच्या स्पीकरला तो एक वॅट होतो, ४ ओहमच्याला दोन, म्हणजे ३ डेसिबल फुकटचे. काही कंपन्या खोलीत मोजलेला आकडा छापतात, तोही फुगलेला असतो. त्याहून महत्त्वाचा ओहमचा आलेख. फीडबॅक नसलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर त्या चढउतारांच्या मागे जातो: ओहम चढले की तिथला सूर पुढे येतो, उतरले की मागे पडतो. आठ म्हणून विकलेला स्पीकर मध्येच तीनवर येत असेल तर सोडून दे. दुसऱ्या कुणी मोजलेला आलेख मिळाल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तू न्यू जर्सीत आहेस, हे पथ्यावरच पडलं. मी तुझ्या जागी असते तर क्लिप्शची जुनी फोर्टे शोधली असती. १९८५ साली आलेली, पुढे १९९६ पर्यंत निघत राहिलेली. पुढे १२ इंची वूफर, मागे १५ इंची पॅसिव्ह पडदा, मधल्या आणि वरच्या सुरांना हॉर्न. कंपनीचा आकडा ९८ आहे. त्यातले चार-पाच वजा धर, तरी तुझ्या खोलीला पुरून उरतात. बघायला जाशील तेव्हा मागचा पडदा बोटांनी हलकेच आत दाब. वूफर बाहेर यायला हवा आणि दाब धरलास तर क्षणभर तिथेच थांबायला हवा. लगेच परत गेला तर खोकं कुठेतरी हवा सोडतंय, मग खर्ज पोकळच लागणार. गास्केट बदलून हे बहुधा सुधारतं, पण किंमत पाडून माग.

घरी आणल्यावर पहिला महिना स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नकोस. पाठ भिंतीजवळ ठेव आणि तंबोरा सुरू असलेली एखादी रेकॉर्ड लावून वीत-वीत पुढेमागे सरकव. जवारी सुटी ऐकू आली आणि खर्जाची तार घोंगावली नाही की तीच जागा. अँप्लिफायरच्या मागे ४ आणि ८ ओहमची टोकं असतात, दोन्हींवर ऐक. कधी कधी ४ वर आवाज जरा हलका पडतो, पण डग्गा आवरलेला येतो, आणि मला तो अधिक आवडतो.

मग क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर आणि हॉर्नमध्ये वाटून देणारं आतलं सर्किट. तीस-चाळीस वर्षांचे कपॅसिटर त्याच मूल्याच्या पॉलिप्रॉपिलीनच्या कपॅसिटरनी बदल, दोन्ही स्पीकरांचे एकदमच. सोल्डरिंग येणाऱ्याला तासा-दोन तासांचं काम आहे. काढलेले इलेक्ट्रोलिटिक निघाले तर त्यांचा अंगचा थोडा रोध मूळ रचनेत धरलेला असू शकतो. बदलल्यावर वरचे सूर टोचू लागले तर मालिकेत छोटा रेझिस्टर घाल. महागड्या केबलींना एक डॉलरही देऊ नकोस.

आणि एक: स्पीकरची तार सुटलेली असताना हा अँप्लिफायर वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हे मुलांनाही बजावून ठेव.

चांगली फोर्टे मिळेपर्यंत थांब. घाईने नवा सडपातळ टॉवर घेऊ नकोस. जाहिरात सापडली की विकत घेण्याआधी मला फोटो पाठव, मागच्या बाजूचेसुद्धा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी