बटणापासून डेस्कटॉपपर्यंत

आमच्या वाचनालयाचे जुने संगणक बदलायचे ठरले ते माझ्या आकड्यांवर, आणि ते आकडे चुकीचे होते. कार्यकारी मंडळात संगणकातलं कळणारा मी एकटाच. मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. पैसा सभासदांच्या वर्गणीतला होता, म्हणून काय चुकलं ते सविस्तर सांगणं माझ्याकडे लागतं.

जुनी मशीनं कोअर टू ड्युओची, विंडोज ७ वर चालणारी. सकाळी ग्रंथपाल बाई बटण दाबून वर्तमानपत्रं लावायला जायच्या, तरी परत आल्यावर थांबावंच लागायचं. विक्रेत्याने नमुना म्हणून एक नवं मशीन आणून ठेवलं. मी मोबाइलवर वेळ लावून दोन्हींची तुलना केली, बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत. नवं काही सेकंदांत हजर, जुन्याला दीड मिनिटाच्या वर. हेच मी सभेत मांडलं.

मुळात नवं मशीन मी शटडाउन करून सुरू करत होतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. बंद होताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तेवढीच परत वाचते. जुनं मशीन मात्र रोज पहिल्यापासून सगळी उभारणी करत होतं. नव्याला रीस्टार्ट दिला असता तर तुलना बरोबरीची झाली असती, कारण रीस्टार्टमध्ये ही सोय वापरली जात नाही. हे मला माहीत असायला हवं होतं.

दुसरी चूक उलट दिशेची. जुन्यावर डेस्कटॉप दिसला की मी घड्याळ थांबवायचो. पण तेव्हा अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, अपडेट हे सगळं मागे लोड होतच असायचं. डिस्कचा दिवा विझायचा नाही आणि देवघेवीची खिडकी उघडायची नाही. म्हणजे बाईंना खरोखर किती थांबावं लागतं, ते मी मोजलंच नव्हतं.

सगळ्यात महागात पडलं ते कारणाचं निदान. प्रोसेसर जुना झालाय, असं मी ठामपणे सांगितलं. दोष हार्ड डिस्कचा होता. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या फायली असतील, तर सेकंदाला शंभराच्या आतच वाचनं होतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान वाचनांची गरज असते. तेवढा वेळ प्रोसेसर बराचसा रिकामाच असतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिस्स्यात किंवा त्याहून लवकर होतो.

खरं तर जुनं म्हणजे हळू, हे समीकरणच कच्चं आहे. १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा होता. पण बेसिक रॉममध्येच असल्यामुळे डिस्कवरून काही आणायचं नसे. बटण दाबलं, बीप वाजला की टाइप करायला लागायचं.

हे सगळं उमगलं ते निम्मी मशीनं बदलून झाल्यावर. उरलेल्यांपैकी एकात मी साधी साटा एसएसडी लावून पाहिली. त्या मदरबोर्डचा साटा पोर्ट आजच्या मानाने धिमा, तरी शोधाचा वेळ वाचल्याने फरक लगेच कळला. एसएसडीचा खर्च नव्या मशीनच्या तुलनेत किरकोळ होता.

सगळीच खरेदी वाया गेली असं मी म्हणणार नाही. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेटं जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज ११ कोअर टू ड्युओला स्वीकारत नाही. हिशेबासाठी एक नवं मशीन घ्यावंच लागलं असतं. बाकीच्यांना फक्त ब्राउझरमध्ये कोहा हे देवघेवीचं सॉफ्टवेअर उघडायचं असतं, त्याला एसएसडी आणि लिनक्स पुरतं.

पुढच्या सभेत मी हे जसं घडलं तसं मांडलं आणि राहिलेल्या मशीनांची खरेदी रद्द करून घेतली. आता तुलना करायची झाली तर दोन्हींना रीस्टार्ट देतो आणि कोहात पहिलं पुस्तक नोंदवलं गेलं की मगच घड्याळ थांबवतो.