जर्मनीस प्रथम जाणारांसाठीं चार गोष्टी

हल्लीं घरोघर एखादा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या परदेशीं असतो, व आज ना उद्यां वडील मंडळींस तिकडे जाण्याचा प्रसंग येतो. आमचे चिरंजीव जर्मनींत बॉन येथें असतात. गेल्या वर्षीं त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें दोन महिने राहून आलों. परत आल्यापासून 'काय न्यावें, कसें वागावें' असें विचारणारीं इतकीं माणसें भेटलीं कीं, तें सर्व एकदां लिहूनच काढावें असें आम्हांस वाटलें. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, आणि जर्मन तर चार शब्दांपलीकडे नाहीं. तेव्हां वाचकांनीं हें प्रवासवर्णन न समजतां, ठेंच लागलेल्या वाटसरूनें मागून येणारांस दिलेली सूचना समजावी.

प्रथम व्हिसा. जर्मनी शेंगेन करारांत असल्यामुळें तिचा अल्प मुदतीचा व्हिसा घेतला म्हणजे करारांतील इतर देशांतहि जातां येतें. मात्र कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं, व हे दिवस सर्व देशांत मिळून मोजले जातात. व्हिसासाठीं निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधींपासून करतां येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर लोटूं नये.

सामान बांधतांना घरांतील वडील बायकांचा जीव डब्यांत अडकतो. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांसाचे व दुधाचे पदार्थ बरोबर आणण्यास मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी हीं घरींच ठेवावीं. ताज्या फळांसहि सरकारी दाखला लागतो. म्हणून नातवंडांसाठीं हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा. केळें, नारळ, खजूर, अननस आणि फणसासारखें दिसणारें ड्यूरियन हीं पांच फळें मात्र दाखल्यावांचून चालतात. मेतकूट, भाजणी व लोणचें यांवर आम्हांस कोणी हरकत घेतली नाहीं. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, परंतु आपली तीन पायांची पिन तेथें बसत नाहीं. तिच्यासाठीं जोडपिन न्यावी.

रविवारीं दुकानें बंद असतात. मोठ्या स्टेशनांतील कांहीं दुकानें उघडीं सांपडतात, पण त्यांवर संसार चालत नाहीं. दूध, पाव, भाजी शनिवारींच आणून ठेवावी. नळाचें पाणी निःशंक प्यावें. बाटलींतलें पाणी पुष्कळदां सोड्यासारखें फसफसणारें निघतें; म्हणून घेतेवेळींच 'श्टिल' म्हणजे शांत असें मागावें. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, ती रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत घातल्यावर परत मिळते. आमच्या सौभाग्यवतींस ही रीति फारच पसंत पडली.

रस्त्यानें चालतांना उजव्या बाजूनें येणाऱ्या वाहनांचा नव्हे, तर प्रथम डाव्या बाजूनें येणाऱ्यांचा अंदाज घ्यावा, कारण तेथें वाहनें उजवीकडून चालतात. पदपथाला लागून सायकलींची निराळी पट्टी असते, तिच्यावर उभें राहून गप्पा मारूं नयेत. रस्ता मोकळा असला तरी तांबडा दिवा असतां पायीं ओलांडूं नये, विशेषतः मुलें पाहात असतील तेव्हां.

आगगाडीविषयीं आपल्याकडे अशी समजूत आहे कीं, जर्मन गाडीवरून घड्याळ लावावें. तसें आतां राहिलें नाहीं. लांबच्या गाड्यांस उशीर पुष्कळ होतो. गाडी बदलावयाची असल्यास मध्यें पुरेसा वेळ ठेवावा. मुक्कामास पोंचण्यास साठ मिनिटें उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा, व दोन तास झाल्यास निम्में भाडें परत मागतां येतें. त्यासाठीं तिकीट जपून ठेवावें. फलाटावर क, ख सारखीं रोमन अक्षरें टांगलेलीं असतात. आपला डबा कोणत्या अक्षराखालीं येणार तें आधीं पाहून उभें राहिल्यास धांवपळ वांचते. कित्येक शहरांत ट्रामचें कागदी तिकीट यंत्रांत घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीटावांचून सांपडल्यास ६० युरो दंड होतो.

आतां आम्हांस लागलेल्या ठेंचेची हकीकत. विमान बदलतांना आमची एक पेटी मागें राहिली, आणि सौ.च्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या तिच्यांत होत्या. हातांतल्या पिशवींत होत्या त्या चार दिवसांत संपल्या. त्या शुक्रवारीं चिरंजीव कामासाठीं परगांवीं होते, ते उशिरां परतणार होते. "दुपारीं मी फोन करून डॉक्टरांची वेळ घेतों, बाबा," असें ते म्हणाले. पण "पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं, एवढें आम्हांला जमेल," असें सांगून आम्ही सकाळीं स्वतःच दवाखान्यांत गेलों. तेथल्या बाईंनीं आमचा कागद पाहून सांगितलें, "हाल्ब द्राय." हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, हें आम्ही पुस्तकांतून शिकलों होतों. इंग्रजीच्या वळणानें आम्हीं त्याचा अर्थ साडेतीन असा लावला, व सवातीनला सौ.ना घेऊन पोंचलों. दाराला कुलूप! डॉक्टर सोमवारीं येणार होते.

संध्याकाळीं सौ.चें डोकें दुखूं लागलें व घेरी येऊं लागली. "अहो, कोणाला तरी विचारा ना," असें त्या दोनदां म्हणाल्या. शेवटीं आम्ही खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंचें दार ठोठावलें. त्यांनीं लागलीच ११६११७ या क्रमांकावर फोन केला. दवाखाने बंद असतांना पाळीवरचा डॉक्टर कोठें भेटेल हें या क्रमांकावर सांगतात. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र थेट ११२ फिरवावा. बाई स्वतः आमच्याबरोबर आल्या. डॉक्टरांनीं तपासून चिठ्ठी दिली. रात्रींच्या पाळीचें औषधाचें दुकान कोणतें, तें प्रत्येक औषधांच्या दुकानाच्या दारावर लावलेलें असतें. त्याप्रमाणें आम्ही नऊच्या सुमारास एका दुकानाशीं गेलों, व दारांतल्या लहान खिडकींतून गोळ्या मिळाल्या.

परततांना बाईंनीं विचारलें, दवाखान्याची वेळ कोणती दिली होती? आम्हीं "हाल्ब द्राय" म्हणतांच त्यांनीं आपल्या मनगटावरील घड्याळावर बोट ठेवून दाखविलें: अडीच! हाल्ब द्राय म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. आम्ही जागच्या जागीं थांबलों. अहो, हें तर आपलें अर्धतृतीय! त्याचेंच प्राकृतांतून झिजत झिजत मराठींत 'अडीच' झालें, आणि अर्धचतुर्थाचें 'औट'. लहानपणीं आम्ही अडीचकी व औटकी घोकल्या, पुढें वर्गांत ही व्युत्पत्ति फळ्यावर कितीदां लिहिली. आणि तोच शब्द समोर उभा राहिला तेव्हां आम्हांस ओळखूं आला नाहीं, कारण आम्ही त्याच्याकडे इंग्रजीच्या चष्म्यांतून पाहिलें. आंकडेहि आपल्याच वळणाचे आहेत: ते एकवीसला 'एक आणि वीस' म्हणतात, पंचविसाला 'पांच आणि वीस'. मराठी माणसानें मराठीच्या आधारानें जर्मन आंकडे शिकावे. चूक कमी होईल.

पुढें एके दिवशीं आम्ही उभयतां बॉनच्या जुन्या स्मशानभूमींत जाऊन आउगुस्ट विल्हेल्म फॉन श्लेगेल यांची समाधि पाहून आलों. ते १८१८ सालीं बॉनच्या विद्यापीठांत अध्यापक झाले व तेथें त्यांनीं संस्कृत शिकविलें; १८२३ सालीं देवनागरी खिळ्यांनीं भगवद्गीता छापून तिचें लॅटिन भाषांतर केलें. त्या गांवांत आम्हांस अडीच कळलें नाहीं, याची लाज वाटली. सौ. मात्र म्हणाल्या, "कळलें नाहीं याचें काय एवढें? विचारलें नाहींत, त्याचें मला वाईट वाटलें."

वाचकहो, सर्व सूचनांचें सार एवढेंच. औषधें हातांतल्या पिशवींत, मूळ नांवाच्या चिठ्ठीसह, निदान पंधरा दिवसांचीं ठेवावीं. वेळ सांगितली कीं ती आंकड्यांत लिहून घ्यावी. आणि वय व विद्वत्ता बाजूस ठेवून विचारावें. रात्रीं दुकान उघडावयास लावल्याबद्दल औषधाच्या किंमतीशिवाय निराळें शुल्क घेतात. त्या रात्रीं आम्हीं तें दिलें. पावतीवर रक्कम होती अडीच युरो.