दोषाचे ठिकाण



गेल्या पावसाळ्यातील एका रात्री माझ्या घरच्या संगणकाच्या पडद्यावर हिरवे-गुलाबी ठिपके उमटले. आरंभी ते उजव्या कोपऱ्यात, मूठभर मोहरी सांडावी तसे होते. पाहता पाहता त्यांच्या आडव्या रेघा झाल्या, पडदा क्षणभर काळा पडला आणि पुन्हा उजळला, तेव्हा खाली एक सूचना आली होती : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे. मी ती सूचना वाचली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. पुढचे आठ दिवस वाया गेले ते त्या विश्वासामुळे. आणि एका माणसाचे मन दुखावले तेही त्यामुळेच.

त्या रात्री मी काय करीत होतो, हे आधी सांगायला हवे. पीएच.डी.च्या काळात नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात फिरून मी अहिराणी बोलणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांचे बोलणे कॅसेटवर नोंदवले होते. त्यांतील बहुतेक माणसे आज हयात नाहीत. त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या असून, सवड मिळेल तसे मी त्यांचे ध्वनिविश्लेषण करतो. त्यासाठी ‘प्रात’ नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी ती तयार केली. उच्चारलेला शब्द तिच्या साहाय्याने चित्ररूपात पाहता येतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि स्वरांच्या जागी काळसर आडवे पट्टे, असे त्या चित्राचे स्वरूप असते. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ अहिराणीत ‘डोया’ होतो, हे तुम्ही बोलींच्या अभ्यासात वाचले असेल. ‘डोया’च्या चित्रात ‘ओ’पासून ‘य’कडे जाताना खालून दुसरा पट्टा झपाट्याने वर चढतो आणि ‘आ’कडे येताना पुन्हा उतरतो. तो किती चढतो आणि किती वेळ वर राहतो, हे मी मोजत होतो. आता कल्पना करा, की ज्या पडद्यावरचे पट्टे वाचून भाषेविषयी विधान करायचे, त्याच पडद्यावर कुणी बोललेच नाही अशा रेघा उमटू लागल्या आहेत.

प्रथम मनात आले ते या नोंदींचे. घाईघाईने सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ग्राफिक्स कार्ड बिघडले तरी डिस्कवरची माहिती सहसा जागच्या जागी असते, कारण कार्डाचे काम चित्र तयार करून पडद्याकडे धाडण्यापुरतेच असते. हे मला ठाऊक होते. तरीही हात थरथरत होते. तशी प्रत आपण कुठल्याही दुरुस्तीआधी काढावीच.

मग मी दोषी शोधला आणि तो मला फार लवकर सापडला. माझ्या बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहत असे. रात्री माझे काम संपले, की तो त्याच संगणकावर खेळ खेळायचा. त्या खेळांसाठी त्याने पंधरा दिवसांपूर्वी ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसवली होती. सूचनेत ‘ड्रायव्हर’ हा शब्द होता, ड्रायव्हर भाच्याने बदलला होता. एवढ्या दोन विधानांवर मी निकाल दिला. सकाळी चहाच्या वेळी, त्याच्या मामीसमोर, मी त्याला नको तितके बोललो. माझ्या आयुष्यभराच्या कामावर खेळापायी पाणी पडले असते, असेही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग इतकेच म्हणाला, “मामा, खेळून झाल्यावर संगणक पुन्हा सुरू केला ना, की अगदी पहिल्या पडद्यावरही ठिपके दिसतात. कंपनीचं चिन्ह येतं, त्याच्यावरसुद्धा. तेव्हा तर ड्रायव्हर चालूच झालेला नसतो.”

मी ते ऐकले नाही. ऐकले नाही म्हणजे कानावर पडले, पण टिपून घेतले नाही. ‘तू काय काय बसवले आहेस त्याची यादी दे,’ एवढेच मी म्हणालो. त्याने कागदावर यादी लिहून दिली आणि त्या आठवड्याअखेरीस, परीक्षा जवळ आल्याचे सांगून, तो एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

येथे ड्रायव्हर या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. ‘चालक’ हा त्याचा मराठी पर्याय मला कधीच पटलेला नाही, कारण संगणकातला ड्रायव्हर काहीही चालवत नाही. संगणकाची मूळ प्रणाली एक भाषा बोलते, कार्ड दुसरी. या दोघांत उभा राहून इकडचे तिकडे सांगणारा तो दुभाष्या आहे. दुभाष्या चुकला तर निरोप बिघडतो. पण समोरचा माणूसच आजारी असेल, तर दुभाष्याला कितीही बदला, उत्तर धडपणे येणार नाही. मला आलेल्या सूचनेचा खरा अर्थ एवढाच होता, की ठरलेल्या अवधीत पलीकडून उत्तर आले नाही. हा अवधी सामान्यतः अवघा दोन सेकंदांचा असतो. उत्तर का आले नाही, याविषयी सूचना काहीच म्हणत नव्हती. मी मात्र निरोप आणणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवून बसलो होतो.

त्यामुळे आठ दिवस मी दुभाषे बदलत राहिलो. नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला. तो जमला नाही म्हणून त्याहून जुना बसवला. मग संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून, जुन्या ड्रायव्हरचे सगळे अवशेष पुसणारी एक प्रणाली चालवली आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा आरंभ केला. सेफ मोडमध्ये पडदा स्वच्छ दिसला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. त्या अवस्थेत कार्ड बनवणाऱ्याचा ड्रायव्हर बाजूला ठेवलेला असतो आणि साध्या, प्राथमिक ड्रायव्हरवर काम चालते. म्हणजे पाहा, ड्रायव्हर नाही तर दोष नाही! अनुमान दिसायला सुबक होते. त्यात मी एक गोष्ट विसरलो होतो. सेफ मोडमध्ये कार्डाला जेमतेम काम असते, म्हणून ते तापतही नाही. शिवाय माझ्या सगळ्या चाचण्या सकाळी, रात्रभर बंद असलेल्या गार संगणकावर होत होत्या. भाचा पाहत होता तो रात्रीचा, दोन तास खेळून तापलेला संगणक. आम्ही दोघे एकाच यंत्राविषयी बोलत होतो, पण वेगवेगळ्या वेळच्या यंत्राविषयी.

सातव्या रात्री वीज गेली आणि आली. मी तेव्हा चित्रफितींवर काम करीत होतो, संगणक चांगला तापलेला होता. तो पुन्हा सुरू झाला आणि मूळ प्रणाली जागी होण्याआधीच, काळ्या पडद्यावरील कंपनीच्या चिन्हावर हिरवे ठिपके चमकले. माझ्यासमोर लख्ख पुरावा होता. आणि तो सात दिवसांपूर्वी, चहाच्या टेबलावर, शब्दाशब्दाने मला सांगितला गेला होता.

त्या रात्री मला माझ्या मार्गदर्शकांची आठवण झाली. प्रबंधाच्या एका प्रकरणात मी एका आजींच्या बोलण्याविषयी लिहिले होते, की त्यांचा स्वर वयाच्या मानाने फार उंच आणि बोलण्याची गती असाधारण जलद आहे. त्यावर मी जवळजवळ पानभर मीमांसाही केली होती. सरांनी ते पान वाचले, कॅसेट ऐकली आणि विचारले, “त्या दिवशी रेकॉर्डरमधले सेल कधीचे होते?” सेल जुने होते. त्यांचा जोर कमी झाला, की नोंदवताना फीत सावकाश फिरते. मग तीच फीत घरी पुऱ्या वेगाने वाजवली, की आवाज चढतो आणि बोलणे धावते. आजी आपल्या नेहमीच्या संथ, खर्जातल्या स्वरातच बोलल्या होत्या. सरांनी पानावर तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिले : आधी यंत्र तपासा, मग माणूस. ही गोष्ट मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. क्षेत्रकार्यात निवेदकाचे म्हणणे जसेच्या तसे टिपावे, आपल्याला पटते की नाही ते नंतर पाहावे, हेही मीच शिकवतो.

पुढच्या सकाळी संगणकाची पेटी उघडली. कार्डावरच्या दोन पंख्यांपैकी एक धुळीने पार जखडला होता. बोटाने ढकलला तरी फिरेना. येथेही माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगून टाकतो. मी एकाच वेळी धूळ झाडली, कार्डाची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली, वीजपुरवठ्याची तार काढून पुन्हा घट्ट बसवली आणि पडद्याची केबलही बदलली. दिवसभर पडदा निर्मळ राहिला. मला आनंद झाला, पण चारांपैकी कशामुळे गुण आला हे सांगता येईना. संध्याकाळी ठिपके परतले, आणि आता कशाचा गुण सरला, हेही कळेना.

तेव्हा कुठे मी माझ्याच विषयाचा आधार घेतला. ‘काल’ आणि ‘काळ’ या शब्दांत केवळ एका ध्वनीचा फरक आहे आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. म्हणून ल आणि ळ हे मराठीत स्वतंत्र स्वनिम ठरतात. अशा जोडीला आपण लघुतम युग्म म्हणतो. एकाच वेळी दोन ध्वनी बदलले, तर त्या जोडीतून काहीच सिद्ध होत नाही. मी आता तसेच करायचे ठरवले. प्रथम ठिपके दिसत असताना पडद्याचे चित्र संगणकातच टिपले आणि मोबाइलवर पाठवून पाहिले. तेथेही ठिपके होते. याचा अर्थ चित्र केबलमध्ये शिरण्याआधीच बिघडलेले होते. पडदा आणि केबल यांना मी त्या दिवशी दोषमुक्त केले. माझ्या मदरबोर्डवर पडदा जोडण्याची स्वतंत्र सोय आहे. सगळ्याच संगणकांत ती उपयोगी पडते असे नाही, कारण त्यासाठी प्रोसेसरमध्ये चित्र तयार करण्याची क्षमता असावी लागते. मी कार्ड काढले आणि तीच केबल, तोच पडदा मदरबोर्डला जोडला. तीन दिवस, सकाळ-रात्र, एकही ठिपका नाही. चौथ्या दिवशी फक्त कार्ड परत बसवले. तासाभरात मोहरी सांडली.

दुकानदाराने ते कार्ड त्याच्याकडच्या संगणकात लावून दाखवले. तेथे माझा ड्रायव्हर नव्हता, माझा भाचा नव्हता आणि ठिपके होते. पंखा बंद राहिल्याने कार्डावरच्या मेमरीच्या चिप उष्णतेने गेल्या असाव्यात, असे त्याचे मत पडले. दुरुस्तीचा खर्च त्याने सांगितला आणि लगेच, तो करू नका, असेही सांगितले. तो सज्जन मनुष्य होता.

तेथून मी घरी न जाता भाच्याच्या मित्राच्या खोलीवर गेलो. जिना चढताना वाक्ये जुळवत होतो. वयाने लहान असलेल्या माणसाची क्षमा मागण्यासाठी आपल्या घरांत तयार वाक्ये फारशी नाहीत. ‘जाऊ दे रे आता’ हे मोठ्यांचे एक वाक्य आहे, पण त्यात चूक नेमकी कुणाची ते कधी सांगितलेले नसते. ते वापरायचे नाही, एवढे मी ठरवले होते. त्याने दार उघडले. मी म्हणालो, “ठिपके चिन्हावरही दिसतात. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही, आणि मामीसमोर तुला बोललो. माझं चुकलं.” तो गोंधळला. “असू द्या हो मामा,” म्हणाला, आणि मग, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा कुतूहलाने, “पंखा फिरत होता का?” फिरत नव्हता, असे मी सांगितले. मग तो थोडा थांबून म्हणाला, “तो खरखरत होता मागच्या महिन्यात. मी सांगणार होतो. पण तुमचं काम चालू असायचं.”

रविवारी तो सामान घेऊन परत आला. माझ्यासाठी मदरबोर्डचे चित्र पुरेसे आहे. त्याचे खेळ मात्र त्यावर चालत नाहीत, आणि नवे कार्ड दिवाळीत घ्यायचे असे आमचे ठरले आहे. त्या आठ दिवसांत मी घेतलेली मोजमापे बाद करावी लागली. असे एकूण सदतीस शब्द निघाले. आता रात्री जेवणानंतर तो पडद्यावरचे आकडे वाचतो आणि मी वहीत उतरवून घेतो. परवा एका आकड्याशी तो अडला. “मामा, हा पट्टा इथं दोन तुकड्यांत दिसतोय,” तो म्हणाला. मी पेन खाली ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि तो बोट दाखवत होता तेथे पाहू लागलो.