दिवसा लागणारा दिवा

"ओ मॅडम, लाईट चालू आहे!" शाळेत जाताना एलबीएस मार्गावर हे वाक्य मी रोज ऐकते. काही जण नुसतीच बोटं उघड-मीट करून दाखवतात. लोक चांगल्या मनाने सांगतात, म्हणून मीही मान हलवते. पण बंद करणार कसा? बटणच नाही! १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. बाबांच्या जुन्या स्कूटरला मात्र बटण होतं.

शेवटी कंटाळून घाटकोपरला एका मेकॅनिककडे गेले. "वायर कापून बटण बसवतो, दहा मिनिटांचं काम. बॅटरी पण वाचेल," तो म्हणाला. (खरं तर इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज होतच असते, पण तेव्हा मला पटलं.) शनिवारी गाडी आणते म्हटलं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांना मोतीबिंदू आहे, ऑपरेशन व्हायचंय. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "अगं, रस्ता ओलांडताना मला सगळं धुरकट दिसतं. दिवा दिसला की तेवढं कळतं, काहीतरी येतंय. रिक्षा तर अंगावर आल्यावरच समजते." हे भर दुपारचं हं, रात्रीचं नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, दिवा असतो तो मला रस्ता दिसावा म्हणून.

शनिवारी गेले, चाकांत हवा भरून घेतली आणि परत आले. आता कोणी बोटं दाखवली की ओरडून सांगते, "आपोआप लागतो, काका!" परवा वर्गात हे सांगितलं, तर एका मुलाने विचारलं, "बाई, मग रिक्षाला का नाही?"